पळस फोटोत नुसता केशरी डाग का होतो?

फेब्रुवारीच्या शेवटी नागपूरहून काटोल रोडने किंवा उमरेड रोडने जाणारा माणूस एकदा तरी गाडी बाजूला घेतो आणि धुऱ्यावरच्या पळसाचा फोटो काढतो. घरी येऊन फोटो बघितला की तक्रार ठरलेली असते: "भाऊ, डोळ्याले दिसत होतं तसं फोटोत येऊनच नाही राहिलं." झाड ओळखू येतं, रंग भडक असतो, पण एक पाकळी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. मधोमध एक सपाट केशरी डाग तेवढा दिसतो. मोबाइल स्वस्त की महाग, याच्याशी त्याचा फार संबंध नाही. लाखभराच्या कॅमेऱ्यातही पळस असाच बिघडतो. रंग आणि उजेड कॅमेरा कसा मोजतो, त्यात याचं कारण आहे.

सेन्सरवर लाखो बारीक ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्यासमोर एकाच रंगाची गाळणी असते. साधारणपणे निम्म्या ठिपक्यांवर हिरवी, पाव भागावर लाल आणि पाव भागावर निळी. प्रत्येक ठिपका आपल्या वाट्याचा उजेड मोजतो, मग शेजारपाजारचे आकडे जुळवून पूर्ण रंग तयार होतो. नेहमीच्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढीच जागा मिळते. धान्य मोजायची पायली काठोकाठ भरली की वरचे दाणे सांडतात, आणि किती सांडले याचा हिशेब पायलीकडे नसतो. लाल रंग २५५ ला टेकला की हेच होतं. त्यापुढे पाकळीचा कोणता भाग किती जास्त उजळ होता, ते फोटोला सांगता येत नाही.

आता पळसाची पाकळी घ्या. तिच्यातलं रंगद्रव्य निळा उजेड जवळजवळ सगळा गिळतं, हिरवा थोडा परत पाठवतं आणि लाल भरपूर. कॅमेऱ्याला मात्र एकूण उजळपणाची काळजी असते. उजळपणा काढायच्या प्रचलित सूत्रात हिरव्याला सुमारे ७२ टक्के वजन असतं, लालला २१ आणि निळ्याला अवघं ७. त्यामुळे पळसाने भरलेली चौकट कॅमेऱ्याला फारशी उजळ वाटतच नाही, आणि तो आणखी उजेड आत घेतो. लालची पायली आधीच भरलेली असते. हिरवा तेवढा वाढत राहतो, म्हणून केशरी रंग पिवळ्याकडे झुकतो. पाकळीच्या सुरकुत्या, कडा, शिरा हे सगळं लालच्या चढउतारात होतं आणि तेच पुसलं जातं. काटेसावरीच्या लालभडक फुलांचं आणि पांगाऱ्याचंही असंच होतं.

यावरचा उपाय अगदी साधा आहे, फक्त तो करताना मन धजत नाही. उजेड कमी करायचा. मोबाइलमध्ये फुलावर बोट टेकवलं की बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा एक पट्टी येते, ती खाली ओढा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोसाठी आत घेतलेला उजेड) दोन-तृतीयांश ते एक स्टॉपने उतरवा. एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड. पडद्यावर फोटो जरा काळवंडलेला दिसेल, दिसू द्या. काळपट भाग नंतर उजळता येतो, सांडलेला लाल परत आणता येत नाही. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम (किती उजळ ठिपके किती आहेत ते दाखवणारे आलेख) बघायची सोय असेल तर फक्त लालकडे लक्ष द्या, त्याचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटता कामा नये. फोनमधला "व्हिविड" मोड बंद करा, तो आधीच भरलेल्या रंगात आणखी भर घालतो. रॉ फाइल (सेन्सरने मोजलेले कच्चे आकडे) ठेवता येत असेल तर ठेवा, तिच्यात रंगाला बरीच जास्त जागा असते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचा रंग जुळवायची सोय, ऑटोवर असला तर आणखी एक गडबड होते. चौकटभर केशरी दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं हा दिव्याचा पिवळा उजेड आहे, आणि तो फोटो निळसर करून "दुरुस्त" करतो. म्हणून व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशावर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास, बांधून ठेवावा.

संत्र्याच्या फुलाचा उलटा हिशेब

पळस फुलतो त्याच सुमारास काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या बगीच्यांत संत्र्याचा आंबिया बहार (या मोसमातला फुलोरा) असतो. त्यासाठी शेतकरी हिवाळ्यात झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. मग पाणी सुरू केलं की जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत सगळी झाडं बरोबरच फुलतात. बरोबर फुलतात म्हणून ओसरतातही लवकर. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण फळाचे फोटो जितके निघतात त्याच्या शतांशही या फुलाचे निघत नसतील. फूल लहान, पांढरं, मेणचट पाकळ्यांचं असतं आणि त्यामागे गडद हिरव्या पानांची गर्दी.

इथे कॅमेरा दोन प्रकारे फसतो. चौकटीत पानं जास्त आणि फूल छोटं असेल, तर गडद हिरवं बघून तो उजेड वाढवतो आणि फूल पांढरं फटक, बिनपाकळ्यांचं होतं. तेव्हा एक्स्पोजर उतरवायचं. पण जवळ जाऊन फुलानेच चौकट भरली की तोच कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करून टाकतो. तेव्हा एक ते दीड स्टॉप चढवायचं. त्यामुळे "पांढऱ्या फुलाला एक्स्पोजर वाढवा" असा सरसकट नियम कोणी सांगितला तर ऐकू नका. चौकटीत जास्त जागा कोणी घेतली आहे ते बघा आणि मग ठरवा. झाडाच्या सावलीत फूल निळसर येतं, कारण तिथे ऊन पोचत नाही, आकाशाचा निळा उजेड पोचतो. व्हाइट बॅलन्स "सावली"वर ठेवला की तो रंग निघून जातो.

बगीच्यात मालकाला विचारून जायचं, हे सांगायला नको. "काका, फवारणी कधी झाली?" हेही विचारून घ्यावं. काल-परवा झाली असेल तर त्या ओळीत पानांना तोंड लावून बसू नये.

ऊन कुठून येतं

रंगाचा प्रश्न सुटला तरी फोटो सपाट राहू शकतो, कारण ऊन समोरून आलेलं असतं. पाठीवर ऊन घेऊन फोटो काढायचा ही रीत माणसांच्या फोटोंसाठी रुळली, झाडांसाठी ती बहुतेक वेळा निरुपयोगी आहे. पळसाच्या पाकळीवर बाहेरून बारीक रुपेरी लव असते. समोरच्या उन्हात ती दिसत नाही. ऊन बाजूने किंवा मागून आलं की तीच लव कडेने चमकते आणि प्रत्येक पाकळीभोवती उजळ रेघ उमटते. देठाजवळची काळपट मखमली वाटीही तेव्हाच मखमली दिसते, एरवी ती नुसती काळी असते.

नव्या पानांचं कारण थोडं वेगळं आहे. समोरून ऊन पडलेल्या पानाकडे बघताना आपल्याला दोन उजेड मिसळून दिसतात. एक पानाच्या चकचकीत पृष्ठभागावरून थेट उडालेला पांढरा उजेड, दुसरा आत जाऊन रंग घेऊन आलेला. पांढऱ्या चमकेने रंग फिका पडतो. पान तुमच्या आणि सूर्याच्या मध्ये आलं की तुमच्यापर्यंत पोचणारा उजेड पानाच्या आरपार गेलेला असतो, म्हणून निव्वळ रंगीत. पिंपळाची तांबूस पालवी, कोशिंबाची लालभडक कोवळी पानं, आंब्याची जांभळट पालवी यांचे फोटो मागून आलेल्या उन्हातच काढावेत असं माझं स्पष्ट मत आहे. ही लाली अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची असते. पानातलं हरितद्रव्य अजून तयार व्हायचं असतं, तेव्हा कडक उन्हापासून अँथोसायनिन पानाचा काही बचाव करतं असं मानलं जातं. थोड्याच दिवसांत पान हिरवं होतं. एकाच फांदीवर लाल, तपकिरी, पोपटी अशी तीन वयांची पानं सापडली तर पूर्ण झाड सोडून तेवढीच फांदी धरा.

मागून ऊन घेताना दोन गोष्टी सांभाळा. सूर्य थेट भिंगात शिरू देऊ नका, एखाद्या खोडाआड किंवा फांदीआड लपवा, नाहीतर सगळा फोटो धुरकट होतो. आणि पानामागे गडद काहीतरी असू द्या. सेमिनरी हिल्स टेकडीच्या उतारावर सकाळी पलीकडची झाडी सावलीत असते आणि अलीकडचं पान उन्हात. अशी जागा मिळाली की निम्मं काम झालं. करंजाच्या किंवा पिंपळाच्या जून पानांची चमक मारायला पोलरायझर (भिंगापुढे लावायची गाळणी) चालतो, पण तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो हे गृहीत धरा.

वेळेचा हिशेब नागपूरच्या आकाशाप्रमाणे करावा लागतो. २० फेब्रुवारीला सूर्य पावणेसातच्या जरा आधी उगवतो, मार्चच्या मध्यावर साडेसहाच्या आत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि नागपूर ७९ अंशांवर आहे, त्यात या दिवसांत सूर्यही घड्याळाच्या थोडा मागे चालतो. त्यामुळे आपल्याकडे खरी दुपार बारा पंचवीसच्या आसपास होते. तेव्हा सूर्य २० फेब्रुवारीला क्षितिजापासून ५८ अंश वर असतो आणि २१ मार्चला ६९ अंश. एका महिन्यात ११ अंशांचा फरक म्हणजे बराच. पळसाच्या फांद्यांवर त्या वेळी पानं नसतात, म्हणून डोक्यावरचं ऊन गाळायलाही काही नसतं. सकाळी नऊनंतर काढायचाच असेल तर पांढरी छत्री किंवा पातळ पांढरं कापड फुलाच्या वर धरा. त्यासाठी सोबतीला माणूस लागतो आणि त्याचा हात लवकर दुखतो.

जवळ गेलं की काय बिघडतं

मॅक्रो हा शब्द आता फोनच्या जाहिरातींनी घरोघरी पोचवला आहे. कॅमेऱ्याच्या भाषेत १:१ म्हणजे फूल जेवढं आहे तेवढंच त्याचं चित्र सेन्सरवर पडणं. या अंतरावर फोकसची पट्टी किती जाड असते? फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यात भिंगाचं छिद्र एफ/८ ला ठेवलं तर सुमारे १ मिलिमीटर. पळसाचं फूल काही सेंटिमीटरचं, म्हणजे पूर्ण फूल फोकसमध्ये येणं शक्यच नाही. एफ/२२ वर नेऊन ही पट्टी वाढते, पण छिद्र इतकं बारीक झाल्यावर उजेडाच्या लहरी पसरतात आणि सगळाच फोटो मऊ पडतो. शिवाय १:१ ला भिंग दोन स्टॉप उजेड आधीच गमावून बसलेलं असतं, एफ/८ लावलं तरी ते एफ/१६ इतकाच उजेड देतं.

मग काय करायचं? काय धारदार हवं ते आधी ठरवायचं, आणि सेन्सर त्याला समांतर धरायचा. काटेसावरीच्या फुलात पुंकेसरांचा झुबका असतो. वरून बघितलं तर फक्त टोकं फोकसमध्ये येतात आणि बाकीचा गुंता धूसर होतो, आणि मला ते आवडतं. बाजूने बघितलं तर एक ओळ धारदार मिळते. दोन्ही फोटो बरोबर आहेत, दोघांचं म्हणणं वेगळं आहे. अनेक फोटो वेगवेगळ्या फोकसवर काढून संगणकावर जोडायचं तंत्रही आहे, पण झाडावरच्या हलत्या फुलावर ते सहसा फसतं. खाली पडलेल्या फुलावर छान चालतं. सावरीची फुलं अख्खी गळतात, त्यामुळे महाराजबागेत किंवा कुठल्याही सावरीखाली सकाळी ताजं, न तुटलेलं फूल मिळू शकतं आणि झाडाला हात लावावा लागत नाही.

फोनचं गणित निराळं आहे. त्याचा सेन्सर छोटा, म्हणून फोकसची पट्टी आपोआप जाड. पण बऱ्याच फोनचा मॅक्रो मोड वाइड भिंग वापरतो आणि ते फुलापासून दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावं लागतं. फोनची सावली फुलावर पडते, मधमाशी उडून जाते आणि मागचा कचरा, तार, होर्डिंग सगळं चौकटीत येतं. त्याऐवजी दोन-तीन पट झूमचं भिंग लावून हातभर लांबून काढलेला फोटो बहुतेक वेळा सरस ठरतो. पोर्ट्रेट मोड तर फुलांसाठी विसराच. तो पार्श्वभूमी हिशेबाने पुसतो, आणि पुंकेसर, लव, आंब्याचा मोहोर असं काही बारीक आलं की कुठे पुसायचं हे त्याला कळत नाही.

आणि वारा. तो किती त्रास देतो हे आकड्यात बघितलं की पटतं. एखादं फूल सेकंदाला फक्त १ सेंटिमीटर एवढ्या सावकाश हलतंय असं धरा. १/१०० सेकंदाच्या शटरमध्ये ते ०.१ मिलिमीटर सरकलं. १:१ ला सेन्सरवरही तेवढंच. सेन्सरचा एक ठिपका ४ मायक्रॉनचा असेल तर फूल २५ ठिपक्यांवर फासलं गेलं. १/१००० ला हाच आकडा अडीचवर येतो. म्हणून शटर जलद ठेवा आणि त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करायला घाबरू नका, थोडे दाणे दिसलेले चालतात. या मोसमात पहाटे हवा स्थिर असते, कारण जमीन थंड असते. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा वर चढायला लागते, वरचा वारा खाली उतरतो आणि झुळुका सुरू होतात. सकाळचा आग्रह उजेडासाठी आहे तितकाच या शांत हवेसाठी आहे.

सर्जनशील म्हणजे नेमकं काय

या शब्दाखाली हल्ली बरंच काही खपतं. फवाऱ्याच्या बाटलीने पाकळीवर पाण्याचे थेंब उडवून त्याला दव म्हणणं, हा त्यातला मला सर्वांत न आवडणारा प्रकार. मार्चच्या कोरड्या हवेत नागपूरच्या पळसावर टपोरे थेंब दिसले की झाड ओळखणारा माणूस लगेच हसतो. माझ्या लेखी झाड त्या वेळी काय करत आहे, ते दाखवायची स्वतःची रीत शोधणं म्हणजे सर्जनशीलता.

पळस त्या वेळी पक्ष्यांना बोलावत असतो. मैना, बुलबुल, शिंजीर मधासाठी येतात, चोचीने फुलाची वाकडी नाव उघडतात आणि अंगावर परागकण घेऊन पुढच्या झाडावर जातात. पोपट बरेचदा फुलंच तोडतात. त्यामुळे चोच मारलेलं, फाटलेलं फूल टाकाऊ समजू नका, निर्दोष फुलापेक्षा त्यात जास्त गोष्ट आहे. मला फुलण्याआधीचा आठवडाही फार आवडतो: बोडक्या फांदीवर कळ्यांचे काळे घोस आणि त्यातून एखाद्याच कळीचं केशरी टोक बाहेर. फांदी बोडकी असण्याचाही उपयोग आहे. फुटाळा तलावाकाठी संध्याकाळी झाड आकाशासमोर घेतलं आणि एक्स्पोजर आकाशावर धरलं की नुसती आकृती उरते, आणि पळसाची वाकडीतिकडी फांदी तेव्हा फुलांपेक्षा जास्त लक्षात राहते.

कॅमेरा मुद्दाम हलवणं हाही एक मार्ग आहे. पानगळ झालेल्या सागाच्या उभ्या खोडांमध्ये मागे एखादा पळस दिसत असेल, तर शटर १/४ सेकंद ठेवून कॅमेरा वरून खाली सरळ ओढा. खोडांच्या उभ्या रेघा होतात आणि केशरी रंग त्यांच्यात मिसळतो. आडवा ओढला तर खोडं पुसली जातात आणि काहीच उरत नाही. भर उन्हात एवढं हळू शटर मिळत नाही, त्यासाठी एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळपट गाळणी) लागतो किंवा सूर्योदयाच्या आधी जावं लागतं. एकाच चौकटीवर अनेक फोटो चढवताना उजेड वाटून द्यायचा: दोन असतील तर प्रत्येक एक स्टॉप कमी, चार असतील तर दोन स्टॉप. एक फोटो धारदार, दुसरा त्याच फुलाचा पूर्ण धूसर, ही जोडी करून बघण्यासारखी आहे.

राहता राहिली दुपार. कॅमेऱ्याला जे ऊन सोसत नाही, तेच सायनोटाइपला, म्हणजे उन्हाने कागदावर निळे ठसे काढायच्या पद्धतीला, हवं असतं. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे निळे ठसे कॅमेऱ्याशिवाय काढायला सुरुवात केली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं वेगवेगळी करून ऐनवेळी समप्रमाणात मिसळायची, मंद पिवळ्या दिव्यात जाड कागदावर ब्रशने लावायची आणि कागद अंधारात वाळवायचा. वर पान ठेवून काच दाबायची आणि गच्चीवर उन्हात न्यायचं. अतिनील किरणांनी उघडा कागद बदलतो, पानाखालचा नाही. मग साध्या पाण्यात धुतलं की पानाची पांढरी आकृती निळ्या कागदावर राहते. हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकाची घेऊ नका आणि या द्रावणांजवळ तीव्र आम्ल आणू नका.

पिंपळाचं जाळीदार झालेलं पान, कडुलिंबाची डहाळी, पपईचं कोवळं पान यांचे ठसे सुरेख येतात. जाड फुलांचे येत नाहीत, कारण त्यांच्यातून उजेड जात नाही आणि ती काचेखाली सपाट बसत नाहीत. मार्चच्या उन्हात किती मिनिटं ठेवायचं हे कागदावर आणि द्रावणाच्या थरावर अवलंबून असतं. म्हणून आधी एक छोटी पट्टी लावा, दर दोन मिनिटांनी पुठ्ठा पुढे सरकवत तिचा एकेक भाग झाका, आणि धुतल्यावर ज्या भागाचा निळा सर्वांत खोल आला तेवढा वेळ मोठ्या कागदाला द्या. ऊन मेपर्यंत चढत जाईल तसा हा वेळ कमी होतो, तेव्हा पट्टी दर पंधरवड्याला नव्याने करावी लागते.